बंदीतले पिक्चर

दोन महिने होड्या वर. झापांखाली इंजिनं गप्प.
सोसायटीत डिझेलच्या पावत्या फाडून न्यायला कोणी येत नाही,
म्हणून मीही देवगड बंदराच्या शेडमध्ये येऊन बसते
जाळ्याचं एक टोक मांडीवर घेऊन.
इथे रोज सकाळी
काल रात्रीचा पिक्चर तुणला जातो.

पास्कू म्हणतो, "काल बघलंय एक खुनाचो.
पाच मिनटांत वळाखलंय, खुनी कोण तो."
कसा?
"चाय पिलो नि कप थयच ठेवन गेलो.
असो मनीस बरो नसता."
मग तोच निघाला काय?
"म्हायत नाय. माका झोप इली."

शालन फक्त शेवट बघते.
भांडी आवरेपर्यंत मधला सगळा निघून जातो,
हात पुसत ती पोचते ती थेट लग्नाला,
नाहीतर सरणाला.
मत मात्र ठाम:
"एवढ्यासाठी दोन तास?"

खैरुनबीच्या मुलाने मस्कतहून टीव्ही पाठवलाय, भिंतीएवढा.
त्यात तिला माणसांच्या नाकपुड्या दिसतात.
हिरोईन छान आहे, म्हणते,
पण सासरी सहा खोल्या, आणि एकीतही
पाण्याची कळशी नाही. पितात काय ही लोकं?
तिला कोरियाच्या मालिका पसंत.
भाषा कळत नाही, पण ते वाकून सलाम करतात
आणि जेवताना आवाज करतात, आपल्यासारखा.

उमाजी तांडेल पुतण्याच्या फोनवर बघतो,
हात लांब करून,
सुईत दोरा ओवताना धरतात तसा फोन धरून.
विचारलं तर "बरो" म्हणतो. सगळेच बरे.

परवा एक असा निघाला, जो सगळ्यांनीच बघितला होता.
जहाज बुडतं तो.
शालन म्हणाली, गाणी बरी होती.
पास्कू म्हणाला, "वारो दक्षिणेसून येता
नि बावटो दक्षिणेकच फडफडता!"
आम्ही हसलो.
उमाजीची सुई चालूच होती.
म्हणाला, "सगळे रडतत. मिठी मारतत. देवाचा नाव घेतत.
पाणी कोण उपसूक नाय.
एक मनीस नाय, हातात डबो घेवन."

मग दोन गाठी झाल्यावर,
"नि सकाळी झिल गावलो तेंका.
केस विंचरलेले.
आमच्या दत्तारामाक बारा दिवस..."

दोरा संपला त्याचा.
नवं रीळ शोधायला तीन माणसं उठली.
खैरुनबीने डबा उघडून सांदणं पुढे केली,
आणि शालन पुन्हा म्हणाली,
"गाणी पण बरी होती."

रात्री मुलीला सांगितलं, तोच लाव.
"बघितलायस ना?"
लाव म्हटलं तर लाव.
दोनदा लाइट गेली. तिसऱ्यांदा जहाज एकदाचं कललं.
थांबव. मागे घे. अजून थोडं.
डाव्या कोपऱ्यात,
मिठी मारलेल्या त्या दोघांच्या खांद्यामागे,
लाल गंजीतला एक. तोंड नीट दिसत नाही.
वाकतो, भरतो, फेकतो.
वाकतो, भरतो, फेकतो.
चार वेळा. मोजलं मी.
मग गाणं सुरू होतं
आणि कॅमेरा आभाळात निघून जातो.

शेवटी नावं सरकली, मुंग्यांच्या रांगेसारखी.
मुलगी म्हणाली, "त्याचं नसतं गं नाव. एक्स्ट्रा तो."

उमाजीला सांगावं की नको, ठरत नाहीये.
सांगितलं तर गप्प बसेल, किंवा
विचारील, "डबो कसलो होतो?"
तेवढ्यासाठी पुन्हा एकदा मागे घ्यायला लावलं,
पडद्याला नाक टेकवून बघितलं.
तेलाचा. पाच लिटरचा.
वरून कापलेला.